आठ तारांच्या दोन गिटारी, ड्रम्स आणि बेस नाही: एका रेकॉर्डिंगच्या नोंदी

9 जून 2024

सांगलीत आम्ही तिघं चार वाद्यरचना रेकॉर्ड करायला घेतोय. आठ तारांच्या दोन गिटारी आणि ड्रम्स. गायक नाही, कीबोर्ड नाही, बेसही नाही. बाज प्रोग्रेसिव्ह मेटलचा, स्वरांची मांडणी जाझ फ्युजनची. दिवाळीपर्यंत मिक्स हातात यावं असं ठरवलंय.

हा साचा गिटारवादक टोसिन अबासीच्या ‘अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स’चा. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये 2007 साली सुरू झालेला बँड. अबासी आणि हावियेर रेयेस आठ तारांवर, 2012 पासून मॅट गार्स्तका ड्रम्सवर, आणि स्टेजवर बेसवादक नाही. त्याआधीच्या फ्युजनमध्ये बेसवाल्याशिवाय पान हलत नसे. न्यूयॉर्कमध्ये 1971 साली उभ्या राहिलेल्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गिटारवर मॅकलॉफलिन आणि ड्रम्सवर कोबॅम कितीही उधळले तरी खाली बेसवर रिक लेअर्ड शांतपणे जागा धरून असायचा. ती जागा धरणारं माणूसच नसेल तर ती कुणी, कधी आणि किती धरायची, यावर आमचं सगळं काम अडलेलं आहे. पुढच्या नोंदी मुख्यतः त्याबद्दल. दोन गिटारींवर असं काही करू पाहणाऱ्याला उपयोगी पडतील या हिशेबानं लिहितोय.

16 जून

सगळ्यात खालची तार. आठ तारांचं नेहमीचं ट्यूनिंग खालून एफ शार्प, बी, ई, ए, डी, जी, बी, ई. एफ शार्प म्हणजे 46.25 हर्ट्झ. आम्हाला ती तार ईपर्यंत उतरवायची आहे, म्हणजे 41.2 हर्ट्झ. चार तारांच्या बेसची जाड तार याच सुरात असते, त्यामुळे बेसची जागा भरायची तर इथपर्यंत जावंच लागतं.

गिटारीबरोबर आलेली तार 0.074 इंचाची. ती ईवर आणली की ढिली पडते, जोरात वाजवली की सूर आधी वर चढतो आणि मग खाली बसतो. ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एफ शार्पवरून ईवर येताना जवळजवळ 21 टक्के ताण गेला. तो भरून काढायला ढोबळ हिशेबानं 0.083 ची तार लागते. बाजारात 0.084 मिळते. सुटी तार सांगली-कोल्हापुरात मिळाली नाही, मुंबईहून मागवली. एका तारेला कुरिअरसकट 480 रुपये. जादा दोन मागवल्या, ते बरं झालं.

कारण पहिली तार वाया गेली. 0.084 ची तार खुंटीच्या भोकात जात नाही. टोकाकडचं वेटोळं सोडवून आतली तार तेवढी भोकात घालायची असते. पण वेटोळं सोडण्याआधी तार पक्कडीनं काटकोनात वाकवावी लागते. तसं न करता सोडलं तर वेटोळ्याची पकड पूर्ण लांबीभर सैल होते आणि तार नवी असून मुकी वाजते. वाकवा, मग सोडा, मग कापा. हाच क्रम.

गिटार विकत घ्यायची असेल तर तारेची वाजणारी लांबी बघा. 25.5 इंचांऐवजी 27 इंच असेल तर त्याच तारेला त्याच सुरात 12 टक्के जास्त ताण मिळतो. दुसऱ्या गिटारवाल्याची गिटार 27 ची आहे आणि तिचा खर्ज ऐकताच वेगळा कळतो.

23 जून

जाड तार नटाच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही, वरच तरंगते. प्लॅस्टिकचा नट घासत बसण्यापेक्षा मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी तार बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ही तर खर्जाच्या तारेच्या दुप्पट-तिप्पट हाय की ओ. हिला खाच रुंद नको नुसती, खाली गोल पायजे. टोकदार राहिली की तार बोलणार नाही.”

हाडाचा नट त्यांनी समोर बसून कोरला. खाच तारेपेक्षा केसभर रुंद आणि खुंटीच्या बाजूला उतरती, म्हणजे तार फक्त पुढच्या कडेवर टेकते. सतारीच्या घोडीची जवारी (तार जिथे टेकते त्या पृष्ठाचा आकार) काढणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. दोन्ही गिटारींचे मिळून 1,600 रुपये. ट्यूनिंगचा निम्मा त्रास त्या दिवशी संपला. गावात तंतुवाद्यं करणारं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडे जा.

30 जून

गावभागातल्या तळमजल्यावरच्या खोलीत पहिल्यांदा पूर्ण आवाजात वाजवलं. ड्रमर भिंतीला टेकून होता, त्याला खालची तार घुमते असं वाटत होतं. मी खोलीच्या मधोमध, मला ती ऐकूच येत नव्हती. अ‍ॅम्पचे कान पिळण्यात संध्याकाळ गेली.

दोष खोलीचा होता. लांबी 12 फूट, म्हणजे 3.66 मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतःच घुमवते तो सूर, 47 हर्ट्झवर येतो. आम्ही अजून एफ शार्पवरच वाजवत होतो, 46.25. भिंतीपाशी तो सूर फुगणार आणि बरोबर मध्यावर नाहीसा होणार, हे ठरलेलंच. रुंदी 10 फूट, तिचा अनुनाद 56 वर, किक ड्रमच्या अंगावर. उपाय दोन. ऐकणाऱ्यानं मध्यातून उठून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसायचं, आणि कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करायच्या. गाद्यांनी वरचा कलकलाट बराच कमी झाला. 47 हर्ट्झवर त्यांचा काही परिणाम झाला नाही, तेवढी जाडी त्यांना नाही. तार ईवर उतरवल्यावर सूर अनुनादापासून थोडा बाजूला सरकला, त्याचा फायदा जास्त झाला.

7 जुलै

गिटारच्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ येत नाही. बारा इंची गिटार स्पीकर 70-80 च्या खाली पडत जातो, आपण ऐकतो ते त्याच सुराचे वरचे पट, 82, 124 वगैरे. एरवी हे चांगलंच, कारण खाली बेस असतो. आमच्याकडे नाही. आणि सगळा आवाज डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) काढला तर खालच्या सुराचा नुसता गाळ होतो.

म्हणून सूर दोन वाटांनी नेला. 120 हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ, फक्त कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं यंत्र) लावून, बेसच्या कॅबकडे, म्हणजे स्पीकरच्या पेटीकडे. वरचा भाग ओव्हरड्राइव्ह आणि अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या मॉडेलरमधून. मेटलवाले अ‍ॅम्पच्या आधी हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल का लावतात ते इथे कळतं: 720 हर्ट्झच्या खालच्या भागाला ते कमी उचलतं, त्यामुळे डिस्टॉर्शनला खाली चघळायला फारसं उरत नाही.

कागदावर बरोबर, कानाला पोकळ. दोन्ही वाटा वेगवेगळ्या ऐकल्या की छान, एकत्र केल्या की मधला गर गायब. बराच काळ केबल बदलत बसलो. शेवटी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वाटा रेकॉर्ड करून लाटा शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं: मॉडेलरमधून जाऊन यायला आवाजाला चारेक मिलिसेकंद लागतात आणि स्वच्छ वाट लगेच पोचते. 120 हर्ट्झची एक लाट 8.3 मिलिसेकंदांची. चार म्हणजे अर्धी लाट. जिथे दोन्ही वाटा जुळायच्या, नेमक्या तिथेच त्या एकमेकींना खात होत्या. आता विभागणी मॉडेलरच्या आतच करतो, दोन्ही वाटांना सारखाच उशीर होतो. पैसे शून्य, वेळ भरपूर गेला.

21 जुलै

आजचा दिवस मोठा. दुसऱ्या रचनेतला 23 चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सुटला.

रिफ मात्रेच्या चौथ्या भागात मोजला तर 23 भागांचा आहे. ड्रम्सवर मात्र सरळ चार-चार मात्रांचे बार, हाय-हॅट आणि स्नेअर आपल्या जागेवर. आठ बार म्हणजे 32 मात्रा, 128 भाग. रिफ पाच वेळा वाजला की 115. उरतात 13. मेटलमध्ये रूढ पद्धत अशी की सहावी फेरी 13 वर कापायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तेच करत होतो. चुकीचं काही नव्हतं, पण प्रत्येक वेळी वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं.

आमचा ड्रमर लहानपणी तबला शिकलाय. त्यानं 13 ऐकून तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, बसवली: तीन ठोके, दोन रिकामे, तीन ठोके, दोन रिकामे, तीन ठोके. बेरीज बरोबर 13. वाजवून पाहिली आणि ती लुळी पडली, कारण तिचा शेवटचा ठोका 128 व्या भागावर येतो, समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याच्या, एक घर अलीकडे. तिहाईची सगळी मजा शेवटचा ठोका समेवर पडण्यात आहे. मग सम धरून 14 मोजले: चार ठोके, एक रिकामा, चार, एक, चार. सुरुवात 116 वर, शेवटचा ठोका 129 वर, आणि 129 म्हणजेच पुढच्या आवर्तनाचा पहिला भाग. तिथेच रिफचा पहिला सूर. दोघं एकाच क्षणी उतरले आणि खोलीतली हवाच बदलली.

यात बेसचा प्रश्नही सुटला, आणि तो माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा. तिहाईच्या बारीक ठोक्यांवर खालची तार अजिबात वाजवायची नाही. दोन्ही गिटारी वर, किक त्यांच्याबरोबर, आणि खालचा ई थेट समेवर. जे सतत वाजत होतं ते 13 भाग थांबलं म्हणून समेवरचा ई एवढा जड वाटला. अ‍ॅम्पवर आम्ही काहीच वाढवलं नव्हतं.

सरावाबद्दल: रिफ तोंडानं बोलता आल्याशिवाय हातात घेऊ नका. 23 ला आम्ही 5-5-5-5-3 असं बोलतो. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) आधी मिनिटाला 70 वर, प्रत्येक मात्रेला. मग क्लिक फक्त बारच्या पहिल्या मात्रेला. मग चार बारांतून एकदा. शेवटच्या पायरीवर कोण घाई करतो ते लगेच उघडं पडतं.

25 जुलै

काम बंद. कोयनेतून विसर्ग वाढलाय, आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतेय. 2019 चा पूर पाहिलेल्या माणसाला तळमजल्यावर सामान ठेवून झोप लागत नाही. ड्रम्स, कॅब आणि मॉडेलर टेम्पोनं मिरजेला एका मित्राच्या वरच्या मजल्यावर हलवले. टेम्पो 1,200 रुपये. गाद्या इथेच ठेवल्या.

11 ऑगस्ट

पाणी खोलीपर्यंत आलं नाही, पण आम्ही मिरजेतच राहायचं ठरवलं. इथला हॉल 18 फूट लांब. पहिला अनुनाद 31 हर्ट्झवर जातो, आमच्या सगळ्यात खालच्या सुराच्याही खाली. पहिल्याच दिवशी ई सगळ्या जागी जवळजवळ सारखा ऐकू आला. महिना 4,000 रुपये भाडं, आधीच्या खोलीपेक्षा हजार जास्त, आणि एकही पैसा वाया गेलेला नाही.

पावसानं दोन्ही गिटारींच्या माना हलल्या आहेत, तारा बोर्डापासून वर गेल्यात. ट्रस रॉड (मानेतली तिचा बाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवू नका, रात्रभर ठेवा, मग पुन्हा बघा. जाड तारेसाठी घोडीवरची लांबीही मागे घ्यावी लागली, नाहीतर बाराव्या पडद्यावर ई तीव्र बोलतो. हे रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी.

25 ऑगस्ट

आता जाझकडचं काम. तिसऱ्या रचनेत मेजर नाइन्थ आणि मायनर इलेव्हन्थ अशा चार-पाच सुरांच्या कॉर्ड आहेत. स्वच्छ गिटारीवर सुंदर. डिस्टॉर्शन चालू केलं की चिखल. एकाच अ‍ॅम्पमध्ये चार-पाच सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे जादा सूर तयार होतात, आणि ते आपल्या कॉर्डमध्ये बसत नाहीत. मूळ सूर आणि पाचवा एवढंच डिस्टॉर्शनला सोसतं.

आम्ही कॉर्ड फोडली. मूळ आणि पाचवा माझ्या गिटारीवर डिस्टॉर्शनसह. तिसरा, सातवा आणि नववा दुसऱ्या गिटारीवर, जवळजवळ स्वच्छ, वरच्या चार तारांवर. दोन्ही आवाज वेगवेगळ्या अ‍ॅम्पमधून निघून हवेत भेटतात, त्यामुळे जादा सूर तयार होत नाहीत. कॉर्डचा प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. बेसवादक असता तर मूळ सूर त्यानं धरला असता आणि दोन्ही गिटारी मोकळ्या राहिल्या असत्या. आमच्याकडे एकाला तो धरावाच लागतो, आणि म्हणून कोण कधी मोकळा हे आता प्रत्येक रचनेच्या कागदावर लिहिलेलं आहे. नियम एकच: खालची तार एका वेळी एकाच्याच हातात. दोघांनी मिळून ई वाजवला तर ट्यूनिंगमधला किंचितसा फरकही लाटेसारखा हलतो आणि जोर वाढण्याऐवजी कमी होतो.

चौथ्या रचनेत अंगठ्यानं तार खाली आणि वर दोन्ही दिशांनी मारायची आहे, बेसवरच्या स्लॅपसारखी. इथे नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र, आडवा आला. कडक लावला तर हलके ठोके गिळतो, सैल लावला तर न वाजवलेल्या तारा गुणगुणतात. नटाजवळ केसांचं जाड रबर गुंडाळलं, गेट निम्मा केला. दहा रुपयांत काम झालं. मोकळ्या तारा वाजवायच्या असतील तेव्हा रबर नटाच्या मागे सरकवायचं.

15 सप्टेंबर

गणपती. ड्रमर ढोल पथकात, मिरजेत रस्त्यांवर स्वागत कमानी, रात्री उशिरापर्यंत खोलीत मायक्रोफोन उघडणं अशक्य. या दिवसांत फक्त कागदावरचं काम. पुढे कुणी वेळापत्रक आखणार असाल तर भाद्रपद मोकळाच सोडा.

29 सप्टेंबर

ड्रम्स रेकॉर्ड. आठ इनपुटांचा इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि मायक्रोफोन भाड्यानं आणले, दोन दिवसांचे 5,500 रुपये. किक, स्नेअर, दोन टॉम, वर दोन ओव्हरहेड. ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत, ते दोरीनं मोजा, नजरेवर भरवसा नको. आमचा एक तळहातभर लांब निघाला आणि स्नेअर डावीकडे सरकलेला वाटत होता. दोरी लावली, मध्ये आला.

किकचं कातडं ताणून त्याचा गाभा साठ हर्ट्झच्या आसपास आणला. 41 गिटारीचे, 60 किकचे, असा वाटा आधीच ठरला होता. आठ बारांच्या आवर्तनात ड्रमरचा हात मध्येच थकतो, म्हणून तिहाईचे भाग त्यानं सकाळी पहिले वाजवले.

दुपारी वीज गेली आणि एक चांगला टेक अर्ध्यात तुटला. लॅपटॉप चालू होता, इंटरफेस बंद पडला. संध्याकाळी शेजारच्या दुकानातून यूपीएस आणला.

13 ऑक्टोबर

गिटारी. सगळं डीआयमधून, म्हणजे गिटारीची तार थेट इंटरफेसला जोडून, सरळ, कोरडं रेकॉर्ड करतोय, आवाज नंतर लावता येईल. पण वाजवताना कानात पूर्ण आवाज हवाच, कोरड्या आवाजावर हात वेगळा पडतो. 48 किलोहर्ट्झला सॉफ्टवेअरचा बफर 128 नमुन्यांचा ठेवला की एका बाजूचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो, तेवढा हाताला जाणवत नाही.

दर तिसऱ्या टेकनंतर ट्यून करा. खालची तार ट्यून करताना तितक्याच जोरानं मारा जितक्या जोरानं ती रचनेत वाजणार आहे. हळू छेडून जुळवलेला ई जोरात वाजवला की काही सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) वर जातो.

27 ऑक्टोबर

मिक्स. खालची वाट पूर्ण मध्ये, एकाच चॅनेलवर. दुसरी गिटार 110 च्या खाली कापली, मूळ सूर तिच्याकडे असेल तेवढे बार सोडून. किक पडली की खालची वाट क्षणभर तीन डेसिबल दबते.

हेडफोनवर उत्तम, फोनवर खालची गिटार नाहीशी. फोनचा स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. खालच्या वाटेची एक प्रत काढून तिला हलकं सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) दिलं. त्यातून 124, 165, 206 आणि त्यावरचे सूर निघाले. वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा आपोआप भरून घेतो. मूळ ई फोनवर नाहीच, तरी आता तो ऐकू येतो.

10 नोव्हेंबर

तीन रचना पूर्ण. चौथी, अंगठ्याची, बाजूला ठेवली. तिच्यात अंगठा खालच्या तारेवर सतत चालतो, त्यामुळे दुसऱ्या गिटारीला मूळ सूर घ्यायची वेळच येत नाही, आणि माझ्या हाताला मधल्या भागात कॉर्डकडे जायला जागा उरत नाही. मिक्समध्ये हे दुरुस्त होणारं नाही. रचनेचा मधला भाग नव्यानं लिहावा लागेल, बहुधा दोन्ही गिटारींनी अंगठ्याचे ठोके आळीपाळीनं वाटून घेऊन. डिसेंबरमध्ये तेच काम.

खर्चाची बेरीज, गिटारी आणि मॉडेलर आधीचे सोडून, जून ते ऑक्टोबर: तारा, नट, भाडं, टेम्पो, मायक्रोफोन, यूपीएस मिळून साधारण 38,000 रुपये, तिघांत वाटून. मास्टरिंग पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे दिलंय. त्याला एवढंच सांगितलं की ऑनलाइन सेवा आवाज उणे 14 लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतात, तेव्हा जोरासाठी चिरडू नकोस. दुसऱ्या रचनेत तिहाईनंतर जो ई उतरतो, तो पहिल्यांदा ऐकला होता तसाच उतरला पाहिजे.